कुंभाचं ॲप येईल, पण त्याच्या कोडमध्ये शोधायचं कसं?

मागच्या रविवारी पंचवटीत मावशीकडे गेलो होतो. चहा होईपर्यंत तिने फोन माझ्यापुढे धरला. सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कुणीतरी एक फाइल टाकली होती. सोबत मेसेज: सिंहस्थासाठी खास ॲप, गर्दी कुठे आहे ते दाखवतं, लगेच इन्स्टॉल करा. फाइलच्या नावाच्या शेवटी एपीके. मी ती फाइल डिलीट केली आणि नेहमीचं सांगितलं, "मावशी, व्हॉट्सॲपवर आलेलं ॲप कधीच टाकायचं नाही. प्ले स्टोअरवर येईल तेव्हाच घे."

"बरं," ती म्हणाली. "पण तिथे आलेलं ॲप बरं आहे हे तुला तरी कसं कळणार? तू काय आत शिरून बघणार आहेस?"

मी हसलो, पण घरी येताना तेच डोक्यात होतं. कारण खरं उत्तर आहे: हो, आत शिरून बघता येतं. ॲपचा सोर्स कोड खुला असेल, तर फोनच्या ब्राउझरमधूनही बघता येतं. पण कोड खुला असणं ही एक गोष्ट झाली आणि त्यात हवं ते सापडणं ही दुसरी. आजचा लेख या दुसऱ्या गोष्टीवर.

हा प्रश्न आत्ताच का?

नाशिककरांना तारखा पाठ आहेत, बाकीच्यांसाठी सांगतो. सिंहस्थाचं ध्वजारोहण ३१ ऑक्टोबर २०२६ ला आहे. पहिलं अमृतस्नान २ ऑगस्ट २०२७ ला, दुसरं ३१ ऑगस्टला आणि तिसरं ११ सप्टेंबरला नाशिकमध्ये, १२ सप्टेंबरला त्र्यंबकेश्वरला. एवढी माणसं शहरात येणार म्हटल्यावर पार्किंग, गर्दी, हरवलेली माणसं, घाटाचा रस्ता या सगळ्यासाठी ॲप्स लागणार. आणि यातलं जवळपास प्रत्येक ॲप तुमचं लोकेशन मागणार.

लोकेशन मागणं चूक आहे असं मी म्हणत नाही. २७ ऑगस्ट २००३ ला नाशिकच्या कुंभात चेंगराचेंगरीत ३९ भाविक गेले. २९ जानेवारी २०२५ ला प्रयागराजमध्ये मौनी अमावस्येच्या पहाटे पुन्हा तेच झालं आणि सरकारने त्याच दिवशी ३० मृत्यू जाहीर केले. गर्दी कुठे साचतेय हे वेळेत कळलं तर जीव वाचतात. म्हणूनच ते कळवणारं सॉफ्टवेअर नीट चालतं का, हे बघणं जितकं महत्त्वाचं, तितकंच ते नको तेवढी माहिती गोळा करतं का, हेही बघणं महत्त्वाचं. दोन्हीसाठी कोड बघायला मिळायला हवा.

कायद्याचीही एक तारीख लक्षात ठेवा. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ चा. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले आणि मुख्य जबाबदाऱ्या लागू व्हायला १८ महिन्यांची मुदत दिली. म्हणजे मे २०२७. पहिल्या अमृतस्नानाच्या अडीच-तीन महिने आधी. त्याआधी तयार होणारी ॲप्स कशी बनतात यावर आपण आत्ताच बोललो तर उपयोग आहे, नंतर बोलून फक्त तक्रार होते.

नाशिकचं आणि खुल्या कोडचं नातं

२०१५ च्या सिंहस्थाआधी नाशिकमध्ये कुंभथॉन झालं होतं. एमआयटी मीडिया लॅबचे प्राध्यापक रमेश रासकर यात पुढे होते. ते मूळचे नाशिकचेच. विद्यार्थी, डॉक्टर, महापालिकेचे लोक, इंजिनिअर असे सगळे एकत्र बसून गर्दी, राहण्याची सोय, आरोग्य यावर उपाय शोधायचे. शाळकरी मुलांपासून संशोधकांपर्यंत सगळे एका टेबलावर.

पुढे २०२० मध्ये कोरोना आला तेव्हा याच रासकरांच्या गटाने सेफ पाथ्स नावाचं कॉन्टॅक्ट ट्रेसिंगचं ॲप काढलं. त्याचा कोड सुरुवातीपासून खुला होता. त्याच सुमारास, २ एप्रिल २०२० ला, आपल्याकडे आरोग्य सेतू आलं. त्याचा कोड मात्र तेव्हा बंद होता. बरीच टीका झाल्यावर २६ मे २०२० ला त्याच्या अँड्रॉइड आवृत्तीचा कोड गिटहबवर टाकला गेला, अपाची लायसन्सखाली. सरकारी आकड्यानुसार तोपर्यंत साडेअकरा कोटींच्या आसपास लोक ते वापरत होते. त्या दिवशी सर्व्हरचा कोड मात्र दिला नव्हता. तो नोव्हेंबरमध्ये सरकारच्या ओपनफोर्ज या साइटवर आला.

मी तेव्हा कॉलेजात होतो, लॉकडाउनमध्ये घरी बसलेलो. रात्री तो कोड उघडला. शेकडो फाइल्स. कुठून सुरुवात करायची काही कळेना. एकेक फाइल उघडून बघितली, अर्ध्या तासात झोप आली आणि फोन बाजूला ठेवला. दुसऱ्या दिवशी मित्रांना मात्र ऐटीत सांगितलं की मी कोड बघितलाय. बघितला होता, पण कळलं काहीच नव्हतं. लायब्ररीचं दार उघडं होतं आणि माझ्याकडे पुस्तकांची यादीच नव्हती. कोड शोधायची साधनं म्हणजे ही यादी.

गूगलवर शोधणं आणि कोडमध्ये शोधणं, फरक काय?

गूगलवर आपण "नाशिक ते शिर्डी बस" टाकतो. गूगल अर्थ लावतं, चुकलेलं स्पेलिंग सुधारतं, कंस-स्वल्पविराम सोडून देतं. कोडमध्ये नेमकं याच्या उलट हवं असतं. तिथे कंस, टिंब, अंडरस्कोर हेच महत्त्वाचे. "जवळपास असंच काहीतरी" चालत नाही. एक अक्षर बदललं की वेगळीच गोष्ट.

मग कोट्यवधी फाइल्समधून अचूक मजकूर सेकंदात कसा सापडतो? प्रत्येक फाइल पहिल्यापासून वाचत बसलं तर कुंभ संपेल. म्हणून आधी सूची बनवतात. त्यातली एक गाजलेली युक्ती म्हणजे ट्रायग्राम, म्हणजे तीन-तीन अक्षरांचे तुकडे.

समजा तुम्हाला "कळवणकर" हा शब्द शोधायचाय. त्याचे तुकडे पाडा: कळव, ळवण, वणक, णकर. संगणकाने आधीच एक वही करून ठेवलेली असते. कोणता तुकडा कोणकोणत्या फाइलमध्ये आहे, ते त्यात लिहिलेलं. आता ज्या फाइल्समध्ये हे चारही तुकडे आहेत तेवढ्याच काढायच्या. लाखांतून वीस उरल्या समजा. मग फक्त त्या वीस उघडून अख्खा शब्द खरंच आहे का ते तपासायचं. काम झालं.

ही पद्धत २००६ च्या गूगल कोड सर्चमध्ये वापरली होती. रस कॉक्स नावाच्या इंजिनिअरने इंटर्नशिपमध्ये ते बनवलं. ऑक्टोबर २००६ मध्ये ते सगळ्यांसाठी खुलं झालं आणि जानेवारी २०१२ मध्ये गूगलने ते बंद केलं. त्याच महिन्यात कॉक्सने ते कसं चालत होतं याचा सविस्तर लेख लिहिला आणि छोटी आवृत्ती खुल्या कोडमध्ये देऊन टाकली. त्यावर आधारून त्याच वर्षी मायकेल स्टापेलबर्ग या जर्मन विद्यार्थ्याने डेबियन कोड सर्च उभं केलं. डेबियन लिनक्समधलं सगळं सॉफ्टवेअर त्यात शोधता येतं. लॉगिन लागत नाही. मूळ सेवा गेली, पण कृती लिहून ठेवली होती म्हणून दुसऱ्याने भाकरी थापली.

सूची कुणाच्या हातात?

आज बहुतेक खुला कोड गिटहबवर आहे आणि गिटहब २०१८ पासून मायक्रोसॉफ्टचं आहे. त्यांचा नवा कोड सर्च मे २०२३ मध्ये सगळ्यांना मिळाला. फेब्रुवारी २०२३ मध्ये त्यांनी दिलेले आकडे बघा: साडेचार कोटी रेपॉझिटरी, १५५० कोटी फाइल्स, ११५ टेराबाइट कोड. एकच फाइल हजार ठिकाणी कॉपी केलेली असते, त्या कॉप्या वगळल्यावर उरला २८ टेराबाइट. त्याची सूची २५ टेराबाइटची.

एवढी सूची चालवायला पैसा लागतो, त्यामुळे ती मोठ्या कंपनीकडेच राहते. आणि कंपनी नियम ठरवते. गिटहबवर सगळ्या सार्वजनिक कोडमध्ये शोधायचं असेल तर लॉगिन करावं लागतं. सोर्सग्राफ नावाच्या कोड सर्च कंपनीचं उदाहरण तर अजून बोलकं आहे. २०१८ मध्ये त्यांनी स्वतःचा कोड खुला केला, २०२३ मध्ये लायसन्स बदललं आणि ऑगस्ट २०२४ मध्ये मुख्य रेपॉझिटरी सरळ खाजगी केली. खुला कोड शोधायचं साधन स्वतःच बंद झालं.

कंपन्यांनी फुकट दिलं ते त्यांच्या मर्जीने दिलं, मर्जी फिरली की काढून घेतलं, त्यावर रागावण्यात अर्थ नाही. पण सार्वजनिक पैशातून बनलेलं ॲप असेल तर त्याचा कोड एकाच कंपनीच्या दारात ठेवून "बघा, खुला केला" म्हणणं पुरेसं नाही. दुसरी प्रत कुठेतरी हवी. फ्रान्समधल्या इन्रिया या संस्थेने २०१६ मध्ये सॉफ्टवेअर हेरिटेज नावाचा संग्रह सुरू केला, युनेस्कोही त्यात सहभागी आहे. जगभरचा खुला कोड इतिहासासकट जपून ठेवायचा, एवढंच त्यांचं काम. मूळ जागेवरून कोड गायब झाला तरी तिथे प्रत राहते.

हातात फोन घ्या आणि करून बघा

चला, आता प्रत्यक्ष. लॅपटॉप नसला तरी चालेल. एखादं खुल्या कोडचं ॲप घ्या, जे तुमच्या फोनमध्ये मराठीत चालतं. सिग्नल घ्या किंवा विकिपीडियाचं ॲप घ्या. ब्राउझरमध्ये गिटहबवर त्याची रेपॉझिटरी उघडा आणि लॉगिन करून शोधाच्या चौकटीत जा.

पहिली पायरी: परवानग्या. प्रत्येक अँड्रॉइड ॲपमध्ये अँड्रॉइड मॅनिफेस्ट नावाची फाइल असते. ॲप काय काय मागणार ते तिथे लिहावंच लागतं. नेमकं लोकेशन मागणारं ॲप असेल तर तिथे "ॲक्सेस फाइन लोकेशन" हे शब्द मिळतात, इंग्रजी कॅपिटलमध्ये आणि मध्ये अंडरस्कोर देऊन. तसंच कॅमेरा, कॉन्टॅक्ट्स, मायक्रोफोन. सापडलं की फोनच्या सेटिंगमध्ये त्या ॲपच्या परवानग्यांशी ताडून बघा. सेटिंगमध्ये एखादी जास्तीची दिसली तर ती बहुधा ॲपने वापरलेल्या बाहेरच्या लायब्ररीतून आलेली असते. ती कोणती, हा पुढचा शोध.

दुसरी पायरी: बटणापासून कोडपर्यंत. ही माझी आवडती. स्क्रीनवर एखादं मराठी वाक्य बघा, समजा "स्थान शेअर करा". ॲपमधली सगळी मराठी वाक्यं "व्हॅल्यूज" या नावाला मराठीचा एमआर हा कोड जोडलेल्या फोल्डरमध्ये, स्ट्रिंग्ज नावाच्या फाइलमध्ये असतात. ते वाक्य शोधलं की शेजारी त्याचं इंग्रजी टोपणनाव दिसेल. आता ते टोपणनाव शोधा. ते जिथे जिथे वापरलंय त्या फाइल्स समोर येतील, आणि त्यातली एक तुम्हाला थेट त्या जागी नेईल जिथे बटण दाबल्यावर काय होतं ते लिहिलंय. दोन शोधांत तुम्ही स्क्रीनवरून ॲपच्या पोटात पोचता.

तिसरी पायरी: कागद आणि कोड ताडून बघणं. इथे खरी मजा आहे. आरोग्य सेतूच्या गोपनीयता धोरणात लिहिलं होतं की दर १५ मिनिटांनी लोकेशनची नोंद फोनमध्ये ठेवली जाते. असं वाक्य दिसलं की कोडमध्ये तो आकडा शोधायचा. पण कोडमध्ये "१५ मिनिटं" असं लिहिलेलं नसतं. ते ९०० सेकंद असू शकतं, किंवा ९,००,००० मिलिसेकंद, किंवा १५ गुणिले ६० गुणिले १०००. तिन्ही शोधून बघा. आकडा सापडला तर धोरण लिहिणारा आणि कोड लिहिणारा एकमेकांशी बोलले असावेत. दुसराच आकडा दिसला तर विचारायला जागा आहे.

डॉक्युमेंटेशन म्हणजे कागदावरचं आश्वासन आणि कोड म्हणजे प्रत्यक्ष वागणूक. लग्नाच्या स्थळाची चौकशी करतो तसं, बायोडाटा वाचायचाच, पण गल्लीत जाऊन विचारायचंही.

चौथी पायरी: इतिहास. प्रत्येक फाइलला हिस्टरी असते. कुठली ओळ कधी बदलली आणि बदलणाऱ्याने कारण काय लिहिलं, ते दिसतं. कुणी तक्रार नोंदवली होती का, त्यावर उत्तर आलं का, हे इश्यूज या भागात शोधता येतं. कोड वाचता येत नसेल तर इथूनच सुरू करा, कारण इथे माणसं साध्या भाषेत भांडत असतात.

गिटहब नको असेल तर फायरफॉक्सचा कोड शोधायला मोझिलाचं सर्चफॉक्स आहे आणि अँड्रॉइडचा शोधायला गूगलचं अँड्रॉइड कोड सर्च. दोन्ही लॉगिनशिवाय चालतात.

मराठीतून शोधताना येणारी अडचण

मघाशी मराठी वाक्य शोधा म्हणालो, पण काही वेळा समोर दिसणारं वाक्य शोधूनही सापडत नाही. माझं पहिल्यांदा असंच झालं. "ॲप" टाकलं, निकाल थोडेच. मला वाटलं मराठीत कुणी भाषांतरच केलेलं नाही.

कारण असं आहे. "ॲ" दोन प्रकारे टाइप होतो. एक म्हणजे स्वतंत्र अक्षर, जे युनिकोडमध्ये २००८ साली आलं. दुसरा म्हणजे "अ" आणि त्यावर चंद्रकोर, असे दोन तुकडे जोडून. स्क्रीनवर दोन्ही जवळजवळ सारखेच दिसतात, पण संगणकाला ते वेगळे. अचूक शोधात एक टाकलं की दुसरा येत नाही. "सुऱ्या"मधल्या पाऊण र चंही तेच. कुणी ऱ चा पाय मोडून टाइप करतं, कुणी साध्या र नंतर हलन्त देऊन एक न दिसणारं जोडचिन्ह टाकतं. छपाई सारखी, आतले आकडे वेगळे.

अजून एक तांत्रिक गंमत. कॉक्सच्या पद्धतीत तीन "अक्षरं" म्हणजे खरं तर तीन बाइट. इंग्रजीचं एक अक्षर एका बाइटमध्ये बसतं, आपलं देवनागरी अक्षर तीन बाइट घेतं. म्हणजे मघाचा "कळव" हा तुकडा मी समजावण्यापुरता सोपा करून सांगितला. बाइटवर चालणाऱ्या सूचीला "या फाइलमध्ये क आहे, ळ आहे, व आहे, ण आहे" एवढंच कळतं, ती लागोपाठ आहेत का ते नाही. मराठी मजकुराच्या कुठल्याही मोठ्या फाइलमध्ये ही सगळी अक्षरं असणारच! त्यामुळे सूचीची गाळणी मराठीसाठी भोकं मोठी असलेली गाळणी ठरते. निकाल शेवटी बरोबर येतो, फक्त जास्त फाइल्स उघडून बघाव्या लागतात.

यावर उपाय साधा आहे. दोन्ही प्रकारे शोधा. किंवा वाक्यातला असा शब्द निवडा ज्यात ॲ, ऑ किंवा पाऊण र नाही. मी आता "ॲप" ऐवजी शेजारचा "उघडा" शोधतो.

शोधूनही जे कळत नाही

आता मोठी अडचण. मार्च २०२४ मध्ये एक्सझेड प्रकरण झालं. एक्सझेड हे फाइल्स लहान करायचं छोटंसं सॉफ्टवेअर, लिनक्सच्या जवळपास प्रत्येक मशीनवर असतं. आंद्रेस फ्रॉइंड या इंजिनिअरला दिसलं की सर्व्हरवर लॉगिन व्हायला अर्धा सेकंद जास्त लागतोय. अर्धा सेकंद! त्याने पाठपुरावा केला आणि २९ मार्चला जाहीर केलं की यात चोरदरवाजा घातलाय. तो घालणाऱ्याने जवळजवळ दोन-अडीच वर्षं मदतनीस बनून विश्वास कमावला होता.

आपल्या विषयाशी याचा संबंध असा. त्या चोरदरवाज्याचे दोन भाग होते. मुख्य माल चाचणीसाठीच्या बायनरी फाइल्समध्ये दडवला होता, ज्या शब्द शोधून वाचता येत नाहीत. आणि तो माल चालू करणारी स्क्रिप्ट सगळे बघतात त्या रेपॉझिटरीत नव्हतीच, ती फक्त डाउनलोडसाठी ठेवलेल्या तयार गठ्ठ्यात होती. म्हणजे गिटहबवर कितीही शोधलं असतं तरी सापडली नसती. वर, प्रकरण बाहेर आल्यावर गिटहबने ती रेपॉझिटरीच काही दिवस बंद ठेवली. नेमकं जेव्हा सगळ्यांना बघायचं होतं तेव्हाच. दुसरीकडच्या प्रतींमुळे काम चाललं.

मावशीच्या प्रश्नाला हेच लागू होतं. समजा कुंभाच्या ॲपचा कोड खुला केला. पण प्ले स्टोअरवरून तुमच्या फोनमध्ये आलेलं ॲप त्याच कोडमधून बनलंय, हे कशावरून? आरोग्य सेतूच्या वेळी हा प्रश्न विचारला गेला होता. याला उत्तर आहे, रिप्रोड्युसिबल बिल्ड. म्हणजे कुणीही तो कोड घेऊन, दिलेल्या कृतीने ॲप बनवलं, तर स्टोअरवरच्या ॲपशी ते तंतोतंत जुळलं पाहिजे. सिग्नलने आपल्या अँड्रॉइड ॲपसाठी २०१६ पासून ही सोय ठेवली आहे. जमतं, करायची तयारी हवी.

दुसरी मर्यादा सर्व्हरची. फोनमधला कोड "लोकेशन पाठवलं" इथपर्यंत दिसतो. पुढे ते कुठल्या टेबलमध्ये गेलं, किती दिवस राहिलं, कुणी बघितलं, हे सर्व्हरच्या कोडमध्ये आणि तो चालवणाऱ्यांच्या हातात. शिवाय ते १५ मिनिटंही कधी कधी सर्व्हरवरून बदलता येतात, ॲप अपडेट न करता.

आणि हो, तुमच्यापैकी बरेच जण म्हणतील, एवढं कशाला, एआयला विचारू. मीही विचारतो. नवखी फाइल समजावून घ्यायला ते मस्त आहे. पण "हे ॲप लोकेशन साठवतं का?" असं विचारलं आणि त्याने "नाही" म्हटलं, तर पुढचा प्रश्न विचारा: कुठल्या फाइलमध्ये, कुठल्या ओळीत? आणि ती ओळ स्वतः शोधून बघा. मला एकदा अगदी आत्मविश्वासाने एका फाइलचं नाव मिळालं होतं. शोधलं तर अशी फाइल त्या प्रोजेक्टमध्ये नव्हतीच. कोड सर्च चुकीचा आत्मविश्वास दाखवत नाही, आहे तर आहे, नाही तर नाही.

मग मागायचं काय?

केंद्र सरकारची दोन धोरणं २०१५ मध्येच आली आहेत. एक सरकारी कामात ओपन सोर्स वापरण्याचं, दुसरं सरकारी ॲप्सचा सोर्स कोड खुला करून एकत्र काम करण्याचं. म्हणजे नाशिककरांनी मागितलं तर ते काही जगावेगळं नाही. माझी यादी छोटी आहे.

कोड पहिल्या दिवसापासून खुला असावा, टीका झाल्यावर नाही. सोबत बदलांचा पूर्ण इतिहास असावा, एका रात्रीत टाकलेला गठ्ठा नको. सर्व्हरचा कोड त्याच दिवशी यावा. प्ले स्टोअरवरचं ॲप त्याच कोडचं आहे हे ताडून बघता यावं. गोपनीयता धोरण मराठीत असावं आणि त्यातला प्रत्येक आकडा कोडमध्ये शोधून सापडावा. आणि कोडची दुसरी प्रत दुसरीकडे असावी.

कोड खुला केला की चोरांनाही दिसेल, ही भीती लोक बोलून दाखवतात. ती अगदीच खोटी नाही. कोडमध्ये पासवर्ड किंवा की राहिली तर कोड सर्च वापरूनच लोक ती शोधतात. पण त्याचा उपाय पासवर्ड कोडमध्ये न लिहिणं हा आहे. गिटहब २०२४ पासून सार्वजनिक रेपॉझिटरीत ओळखीच्या प्रकारची अशी की टाकायला गेलं तर आपणहून अडवतं. आणि बंद कोडमधली चूकही चूकच असते, फक्त ती आधी कुणाला सापडेल हे आपल्या हातात राहत नाही.

तुम्हाला प्रत्येक ॲप तपासायची गरज नाही. नाशिकमध्ये इंजिनिअरिंगची कॉलेजं थोडी नाहीत. प्रत्येक कॉलेजातल्या चार मुलांनी एक-एक संध्याकाळ दिली तरी परवानग्या, आकडे आणि धोरण ताडून होईल. आज सिग्नलवर किंवा विकिपीडियाच्या ॲपवर हात बसवा, म्हणजे ऑक्टोबर २०२६ ला नवीन काही समोर आलं तर मी २०२० मध्ये बसलो तसं नुसतं बघत बसावं लागणार नाही.

मावशीला मी फोन करून सांगितलं की हो, आत शिरून बघणार आहे, कोड खुला केला तर. ती म्हणाली, "आणि नाही केला तर?" मी म्हटलं, मग लोकेशनची परवानगी "फक्त ॲप वापरताना" अशी ठेव आणि घाटावरून परत आलीस की बंद कर. "हे आधीच सांगायचं ना," म्हणाली, आणि तेवढं लगेच शिकून घेतलं.